रोमचा तह आणि मोझांबिकची शांतता

४ ऑक्टोबर १९९२ रोजी मोझांबिकचे राष्ट्राध्यक्ष जोआकिम शिसानो आणि रेनामो या बंडखोर संघटनेचे नेते अफोन्सो द्लाकामा यांनी रोममध्ये तहावर सह्या केल्या. सुमारे सोळा वर्षे चाललेले यादवी युद्ध त्या दिवशी कागदावर संपले. तह जमवून आणणाऱ्यांत कॅथलिक स्वयंसेवकांची एक संस्था, एक आफ्रिकी आर्चबिशप आणि इटलीचे सरकार होते. तो अमलात आणण्याची जबाबदारी संयुक्त राष्ट्रांनी घेतली आणि खर्चाचा मोठा भार देणगीदार देशांनी उचलला. आफ्रिकेतील शांतता आणि विकासासाठीच्या आंतरराष्ट्रीय भागीदारीचा विषय निघाला की मोझांबिकचे नाव हमखास घेतले जाते. तहाला मात्र एक दिवस पुरला. शांतता पुढची तीस वर्षे हप्त्याहप्त्याने उभी करावी लागली, आणि काही हप्ते चुकलेही.

युद्धाची मुळे

मोझांबिक हा आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरचा, सुमारे अडीच हजार किलोमीटर समुद्रकाठ लाभलेला देश. भारताच्या वाटेवर असलेला वास्को द गामा १४९८ साली इथे थांबला होता. पुढे पोर्तुगिजांनी या किनाऱ्यावर ठाणी बसवली आणि १७५२ पर्यंत त्यांचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चालला. ब्राझीलचा काजू पोर्तुगिजांनीच गोव्यात आणला आणि मोझांबिकमध्येही रुजवला. विसाव्या शतकातील वसाहत सक्तीच्या श्रमांवर उभी होती. उत्तरेकडच्या शेतकऱ्यांना कापूस लावणे भाग पाडले जाई, तर दक्षिणेकडचे पुरुष दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत मजुरीला धाडले जात.

जून १९६२ मध्ये दार एस सलाम येथे स्थापन झालेल्या फ्रेलिमो या मुक्ती आघाडीने सप्टेंबर १९६४ मध्ये सशस्त्र लढा सुरू केला. आघाडीचे पहिले अध्यक्ष एदुआर्दो मोंदलाने १९६९ साली पार्सलमधून आलेल्या बाँबने मारले गेले आणि नेतृत्व सामोरा माशेल यांच्याकडे आले. एप्रिल १९७४ मध्ये पोर्तुगालमधील हुकूमशाही लष्करी उठावाने कोसळली. २५ जून १९७५ रोजी मोझांबिक स्वतंत्र झाला. माशेल यांच्या निकटच्या सल्लागारांत गोव्यात जन्मलेले अकिनो द ब्रागांसा हे विचारवंत होते. राजधानी मापुतोच्या विद्यापीठातील आफ्रिकी अध्ययन केंद्राचे ते संचालक होते.

नव्या राष्ट्राच्या हाती फारसे काही नव्हते. दहापैकी नऊहून अधिक लोक निरक्षर होते. पोर्तुगीज वसाहतवाले मोठ्या संख्येने देश सोडून गेले आणि त्यांच्याबरोबर इंजिनिअर, यंत्रचालक, डॉक्टर, दुकानदारही गेले. फ्रेलिमोने मार्क्सवादी मार्ग धरला, शेतकऱ्यांना सामुदायिक गावांत हलवले आणि गावोगावच्या पारंपरिक मुखियांचे अधिकार काढून घेतले. मध्य आणि उत्तर मोझांबिकमध्ये याबद्दल नाराजी साचत गेली.

तिला शस्त्रे मिळाली ती सीमेपलीकडून. १९७६ साली मोझांबिकने संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांनुसार गोऱ्या अल्पसंख्याकांच्या सत्तेखालील ऱ्होडेशियाशी असलेली सीमा बंद केली. ऱ्होडेशियाच्या गुप्तचर खात्याने त्याच सुमारास रेनामोची उभारणी केली. १९८० मध्ये ऱ्होडेशियाचे झिम्बाब्वे झाल्यावर रेनामोचे पालकत्व दक्षिण आफ्रिकेच्या लष्कराने घेतले. मार्च १९८४ मध्ये मोझांबिक आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात एन्कोमाती करार झाला. एकमेकांच्या शत्रूंना थारा द्यायचा नाही, असे त्यात ठरले होते. पण रेनामोची रसद छुप्या वाटेने चालूच राहिली. १९ ऑक्टोबर १९८६ रोजी माशेल यांचे विमान दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत म्बुझिनी येथे कोसळले. माशेल आणि ब्रागांसा यांच्यासह तीसहून अधिक जण ठार झाले. त्यानंतर परराष्ट्रमंत्री शिसानो राष्ट्राध्यक्ष झाले.

रेनामोच्या माऱ्याचा रोख रस्ते, रेल्वे, शाळा आणि दवाखान्यांवर होता. लहान मुलांना पळवून त्यांच्या हाती बंदुका दिल्या गेल्या. जुलै १९८७ मध्ये ओमोइने या गावात चारशेहून अधिक लोकांची कत्तल झाली. युद्ध आणि त्याने ओढवलेला दुष्काळ यांत सुमारे १० लाख माणसे दगावल्याचा अंदाज आहे. सुमारे १७ लाख लोक शेजारच्या देशांत निर्वासित झाले आणि त्यांतील १० लाखांहून अधिक एकट्या मलावीत राहिले. देशातल्या देशात बेघर झालेल्यांची संख्या ४० लाखांच्या घरात होती.

रोमच्या वाटाघाटी

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दोन्ही बाजू थकल्या होत्या. सरकारला मिळणारी सोव्हिएत मदत आटत चालली होती. दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी राजवट अखेरच्या घटका मोजत होती, त्यामुळे रेनामोचाही आधार सुटत होता. १९८७ मध्ये मोझांबिकने आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँकेच्या अटींनुसार आर्थिक फेररचना स्वीकारली. १९८९ च्या अधिवेशनात फ्रेलिमोने मार्क्सवाद-लेनिनवाद सोडला आणि १९९० च्या राज्यघटनेने बहुपक्षीय पद्धत आणली. रेनामोच्या बऱ्याच मागण्या अशा रीतीने बोलणी सुरू असतानाच मान्य झाल्या.

पहिली हालचाल मोझांबिकमधल्याच चर्चनी केली. बैरा शहराचे आर्चबिशप जाइमे गोन्साल्विस आणि द्लाकामा हे दोघेही न्दाउ भाषकांच्या प्रदेशातले. १९८८ मध्ये गोन्साल्विस यांनी गोरोंगोसाच्या जंगलातील तळावर जाऊन द्लाकामा यांची गुपचूप भेट घेतली. १९८९ मध्ये नैरोबीत केनिया आणि झिम्बाब्वेच्या मध्यस्थीने चर्चा झाली, पण ती पुढे सरकली नाही. दोन्ही बाजूंना चालेल असे ठिकाण आणि चालतील अशी माणसे मिळत नव्हती.

ती रोममध्ये मिळाली. सांत एजिदियो ही १९६८ मध्ये आन्द्रेआ रिकार्दी यांनी काही विद्यार्थ्यांना घेऊन सुरू केलेली संस्था. शहरातील गरिबांची सेवा हे तिचे मूळ काम होते. त्रास्तेव्हेरे भागातील एका जुन्या मठात तिचे ठाणे आहे. मोझांबिकमध्ये धान्य आणि औषधे पाठवता पाठवता तिचा सरकारशीही परिचय झाला होता आणि गोन्साल्विस यांच्यामुळे रेनामोशीही. ८ जुलै १९९० रोजी त्या मठात दोन्ही शिष्टमंडळे प्रथम समोरासमोर बसली. सरकारकडून आर्मांदो गेबुझा आणि रेनामोकडून राउल दोमिंगोश हे प्रमुख होते. मध्यस्थ चौघे: रिकार्दी, संस्थेचे धर्मगुरू मात्तेओ झुप्पी, इटलीचे खासदार मारिओ राफाएल्ली आणि आर्चबिशप गोन्साल्विस.

या चौघांच्या हाती सैन्य नव्हते, निर्बंध लादण्याची ताकदही नव्हती. वेळ मात्र हवा तेवढा होता. २७ महिन्यांत चर्चेच्या अकरा फेऱ्या झाल्या. इटलीच्या सरकारने शिष्टमंडळांचा खर्च सोसला. डिसेंबर १९९० मध्ये बैरा आणि लिंपोपो या दोन रेल्वेमार्गांपुरता मर्यादित करार झाला. सरकारच्या मदतीला आलेले झिम्बाब्वेचे सैनिक या मार्गांच्या पट्ट्यातच राहतील आणि रेनामो तिथे हल्ले करणार नाही, असे ठरले. १९९२ मध्ये आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात भीषण दुष्काळ पडला. रेनामोच्या ताब्यातील मुलखात खायला काही उरले नव्हते, त्यामुळे जुलैमध्ये मदतीचे धान्य दोन्ही बाजूंच्या प्रदेशांत जाऊ देण्याचा करार झाला. संयुक्त राष्ट्रे, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि पोर्तुगाल आधीच निरीक्षक म्हणून चर्चेत आले होते. ऑगस्टमध्ये शिसानो आणि द्लाकामा यांची रोममध्ये भेट झाली, आणि दोन महिन्यांत तहावर सह्या झाल्या.

सैनिक घरी गेले

१६ डिसेंबर १९९२ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव ७९७ मंजूर करून मोझांबिकसाठी शांतिमोहीम उभी केली. पोर्तुगीज नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘ओनुमोझ’ म्हणून ओळखली गेली. तिच्या प्रमुखपदी इटलीचे आल्दो आयेल्लो होते. सुमारे सात हजारांच्या या सेनेत बांगलादेश, बोत्स्वाना, इटली, उरुग्वे, झांबिया यांचे सैनिक होते. जपानने वाहतूक नियंत्रणाचे पथक पाठवले होते आणि भारतीय लष्कराच्या अभियंता व रसद तुकड्याही होत्या. सेनापतिपद आधी ब्राझीलच्या आणि नंतर बांगलादेशच्या मेजर जनरलकडे होते.

आयेल्लो यांच्यासमोर अंगोलाचे ताजे उदाहरण होते. तिथे सप्टेंबर १९९२ मध्ये दोन्ही सैन्ये शाबूत असतानाच निवडणूक घेण्यात आली, हरलेल्या बाजूने निकाल नाकारला आणि युद्ध पुन्हा पेटले. संयुक्त राष्ट्रांचे जेमतेम काहीशे निरीक्षक ते थोपवू शकले नाहीत. मोझांबिकमध्ये म्हणूनच क्रम बदलला: आधी सैनिक मोकळे करायचे, मग मतदान. तहाने ठरवलेली एका वर्षाची मुदत त्यासाठी आणखी वर्षभराने वाढली.

सैनिकांसाठी देशभर ४९ छावण्या उघडल्या. सैनिक तिथे येई, बंदूक जमा करी, नाव नोंदवी आणि वाट पाही. वाट लांबली तशा १९९४ मध्ये अनेक छावण्यांत दंगली झाल्या. पगार थकले होते, जेवण अपुरे होते, घरी सोडण्याची तारीख सारखी पुढे जात होती. शेवटी मोकळ्या झालेल्या सैनिकाला ओळखपत्र, साधे कपडे, काही अवजारे, बियाणे आणि गावापर्यंतचा प्रवास मिळाला. पहिल्या सहा महिन्यांचे पैसे सरकार देणार होते आणि पुढच्या अठरा महिन्यांचे देणगीदार देश. या दुसऱ्या रकमेसाठी चेकची पुस्तिका दिली जाई आणि सैनिकाने सांगितलेल्या गावाजवळच्या बँकेच्या शाखेतच ती वटे. पैसे घ्यायचे तर गावाकडे राहणे भाग होते. आयुष्याची दहा-पंधरा वर्षे जंगलात काढलेल्या माणसाच्या हाती दोन वर्षे नियमित रक्कम पडत गेली, तेवढ्यात त्याने शेत धरले, लग्न केले, घर बांधले. विकासाच्या दृष्टीने ही रक्कम क्षुल्लक होती. शांततेसाठी मात्र ती मोलाची ठरली.

सुमारे ९० हजार सैनिकांची नोंद झाली. नवे संयुक्त सैन्य ३० हजारांचे असावे, अशी तहात तरतूद होती, पण त्यात जेमतेम १२ हजार आले. उरलेल्यांना बंदूक नकोच होती. रेनामोचा राजकीय पक्ष व्हावा म्हणून इटलीच्या पुढाकाराने वेगळा निधी उभारला गेला. कार्यालये, वाहने आणि नेत्यांच्या राहणीचा खर्च त्यातून भागवला गेला. हत्यार खाली ठेवण्याची किंमत म्हणून बंडखोरांना पैसे द्यावेत का, यावर त्या वेळी टीका झाली. मतदानाच्या पूर्वसंध्येला, २६ ऑक्टोबर १९९४ रोजी, द्लाकामा यांनी बहिष्कार जाहीर केला तेव्हा या निधीचा उपयोग दिसला. शेजारी राष्ट्रे आणि देणगीदार यांच्या दबावाने त्यांनी लगेचच माघार घेतली आणि मतदान एका दिवसाने वाढवण्यात आले. नोंदलेल्यांपैकी सुमारे ८८ टक्के लोकांनी मतदान केले. शिसानो यांना ५३ टक्के आणि द्लाकामा यांना ३४ टक्क्यांच्या आसपास मते मिळाली. २५० जागांच्या संसदेत फ्रेलिमोला १२९ आणि रेनामोला ११२ जागा मिळाल्या. डिसेंबरमध्ये नवे सरकार आले आणि शांतिमोहिमेची मुदत संपली.

या यशाला एक काळी किनारही आहे. मोहिमेतील काही सैनिकांनी बारा ते अठरा वर्षांच्या मुलींना वेश्याव्यवसायात ओढल्याचे उघड झाले. सामोरा माशेल यांच्या पत्नी ग्रासा माशेल यांनी १९९६ साली युद्धाच्या मुलांवरील परिणामांविषयी संयुक्त राष्ट्रांना सादर केलेल्या अहवालात त्याची नोंद आहे. शांतिसैनिकांच्या वर्तनाचा प्रश्न त्यानंतर जगभर चर्चेला आला.

निर्वासितांची परतफेरी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित आयोगाने सहा शेजारी देशांतून पार पाडली. आफ्रिकेतील तोपर्यंतचे हे सर्वांत मोठे संघटित पुनरागमन होते. बरेच लोक मात्र ट्रकची वाट न पाहता आधीच पायी निघाले होते. घरातला एक जण पुढे जाऊन शेत पेरून येई आणि पीक उभे राहिले की बाकीचे निघत. युद्धातल्या गुन्ह्यांबद्दल खटले झाले नाहीत, सर्वांना माफी देणारा कायदा झाला. सत्यशोधन आयोगही नेमला गेला नाही. त्याची जागा काही अंशी गावच्या रिवाजांनी भरून काढली. परतलेल्या सैनिकाला, विशेषतः पळवून नेलेल्या मुलाला, वैदूकडून वनस्पतींच्या पाण्याने आंघोळ घातली जाई, त्याचे जुने कपडे जाळले जात आणि मारल्या गेलेल्यांच्या आत्म्यांची शांती करून त्याला घरात घेतले जाई. या कामासाठी परदेशी निधी नव्हता.

शस्त्रे आणि सुरुंग

छावण्यांत जमा झालेली बहुतेक शस्त्रे नष्ट न करता नव्या सैन्याकडे देण्यात आली, आणि जंगलात पुरून ठेवलेल्या साठ्यांची तर मोजदादच नव्हती. १९९५ पासून मोझांबिक आणि दक्षिण आफ्रिकेचे पोलीस मिळून असे साठे शोधून जागीच उडवू लागले. ही मोहीम ‘ऑपरेशन रेचेल’ नावाने चालली. त्याच वर्षी मोझांबिकच्या ख्रिस्ती परिषदेने, बिशप दिनिस सेंगुलाने यांच्या पुढाकाराने, ‘शस्त्रांची कुदळ’ अशा अर्थाच्या नावाची योजना सुरू केली. बंदूक आणून द्या आणि बदल्यात शिवणयंत्र, सायकल, कुदळी किंवा छपराचे पत्रे न्या, असा तो व्यवहार होता. आणणाऱ्याला नाव-गाव विचारले जात नसे.

आलेली शस्त्रे कापून निकामी केली जात आणि काही तुकडे मापुतोच्या कलावंतांकडे जात. क्रिस्तोव्हाव कान्यावातो ऊर्फ केस्टर यांनी २००१ मध्ये अशा तुकड्यांतून घडवलेली ‘शस्त्रांची खुर्ची’ आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिचे हात सोव्हिएत बनावटीच्या रायफलींचे आहेत, पाठ पोर्तुगीज रायफलींची आणि बैठक पोलंड व चेकोस्लोव्हाकियातल्या बंदुकांची. पायांत उत्तर कोरियाची नळी आहे. मोझांबिकमध्ये बनलेले एकही शस्त्र तिच्यात नाही. मोझांबिकच्या युद्धातही आंतरराष्ट्रीय भागीदारी होतीच, आणि ती शांततेच्या भागीदारीहून जुनी होती, हे ती खुर्ची एका नजरेत सांगते.

सुरुंगांचे काम याहून चिवट होते. १९६४ पासून पोर्तुगीज, फ्रेलिमो, ऱ्होडेशिया आणि रेनामो अशा सर्वांनी ते पेरले होते: सीमेवर, रेल्वेच्या पुलांखाली, विजेच्या मनोऱ्यांभोवती, विहिरींच्या वाटांवर. नकाशे क्वचितच ठेवलेले होते. सुरुवातीला त्यांची संख्या २० लाख सांगितली गेली. प्रत्यक्षात ती फार कमी निघाली, पण कुठे आहेत हे माहीत नसल्याने विस्तीर्ण जमीन पडीक राहिली. १९९३ पासून हॅलो ट्रस्ट ही ब्रिटिश संस्था कामाला लागली आणि पुढच्या दोन दशकांत तिच्या पथकांनी १ लाख ७१ हजारांहून अधिक सुरुंग काढले. जमिनीवर पोटावर पडून इंच इंच माती खरवडणारे बहुतेक जण स्थानिक स्त्री-पुरुष होते.

बेल्जियमच्या बार्ट वेतयेन्स यांनी उभारलेल्या ‘अपोपो’ संस्थेने या कामात उंदीर आणले. टांझानियातील मोरोगोरो इथे आफ्रिकी थैलीदार उंदरांना स्फोटकाचा वास ओळखायला शिकवले जाते. योग्य वास हुंगला की यंत्राचा टकटक आवाज होतो आणि केळ्याचा किंवा शेंगदाण्याचा घास मिळतो. शेतात उंदराच्या अंगावर पट्टा असतो, दोन माणसे दोन टोकांना दोरी धरून उभी राहतात आणि उंदीर तिच्या आधाराने सरळ रेषेत हुंगत जातो. वास लागला की तो तिथली माती पंजाने उकरतो. त्याचे वजन किलोभराच्या आसपास असते, त्यामुळे सुरुंग फुटत नाही. धातूच्या तुकड्यांकडे तो ढुंकूनही पाहत नाही, म्हणून टेनिसच्या मैदानाएवढी जागा तो अर्ध्या तासात तपासतो. धातुशोधक घेतलेल्या माणसाला त्याच जागेसाठी काही दिवस लागू शकतात.

सुरुंगबंदी कराराच्या सदस्य देशांची पहिली बैठक मे १९९९ मध्ये मापुतोतच झाली. १७ सप्टेंबर २०१५ रोजी मोझांबिक सुरुंगमुक्त झाल्याचे जाहीर झाले. तहानंतर तेवीस वर्षांनी.

विकासाचा हिशेब

शांततेबरोबर मदतीचा ओघ वाढला. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे दोन दशके अर्थव्यवस्था वर्षाला सरासरी सात टक्क्यांहून अधिक वेगाने वाढली. जुन्या कर्जांतील मोठा भाग माफ झाला. एकोणीस देणगीदारांचा गट थेट सरकारच्या तिजोरीत पैसे देत असे आणि काही वर्षे अर्थसंकल्पाचा जवळपास निम्मा भाग परदेशी मदतीचा होता. मापुतोजवळ मोझाल हा अॅल्युमिनियमचा प्रचंड कारखाना २००० साली सुरू झाला.

भागीदारी नेहमीच बरोबरीची नव्हती. काजूचे उदाहरण बोलके आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मोझांबिक जगातील सर्वांत मोठा काजू उत्पादक होता. कच्च्या काजूच्या निर्यातीवर कर असल्याने बिया देशातल्याच कारखान्यांत फोडल्या जात. १९९५ च्या सुमारास जागतिक बँकेने कर्जाची अट म्हणून हा कर कमी करायला लावला. शेतकऱ्याला चांगला भाव मिळेल, हे त्यामागचे गणित होते. प्रत्यक्षात कच्चा काजू जहाजांत भरून भारतातील कारखान्यांकडे गेला, मोझांबिकमधले कारखाने बंद पडले आणि हजारो कामगार, त्यांत मोठ्या संख्येने स्त्रिया, बेकार झाले. शेतकऱ्याच्या पदरात पडलेला फायदा नगण्य होता. पुढे २००१ मध्ये सरकारने निर्यातकर पुन्हा वाढवला.

गरिबीचे आकडेही तसेच संमिश्र आहेत. सरकारी पाहणीनुसार १९९६-९७ मध्ये ६९ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते, २००२-०३ मध्ये ५४ टक्के. २००८-०९ च्या पाहणीत हा आकडा तिथेच अडकलेला दिसला. वाढ प्रामुख्याने मोठ्या प्रकल्पांत आणि राजधानीच्या आसपास झाली. ज्या मध्य आणि उत्तर भागांत युद्ध सर्वाधिक पेटले होते, तिथपर्यंत ती पोचली नाही. २०१६ मध्ये तर सरकारी कंपन्यांनी संसदेला न कळवता काढलेली मोठी कर्जे उघडकीस आली. आधीच्या एका कर्जासह हा व्यवहार दोन अब्ज डॉलरवर जात होता. नाणेनिधी आणि देणगीदारांनी तिजोरीत थेट पैसे देणे थांबवले. दोन दशकांचा विश्वास त्या एका व्यवहारात आटला.

भारताशी असलेला संबंधही याच काळात नव्याने जुळला. मोझांबिकच्या उत्तरेकडच्या शेतांत पिकणारी तूर प्रामुख्याने भारतातच येते. भारतात तुरीचे भाव कडाडले असताना, जुलै २०१६ मध्ये दोन्ही सरकारांत तूर आणि इतर कडधान्यांच्या खरेदीचा समझोता झाला. तिथले शेतकरी तुरीकडे वळले. पुढच्याच वर्षी भारतात विक्रमी पीक आले, आयातीवर मर्यादा घातल्या गेल्या आणि मोझांबिकमधल्या गावांत तुरीचा भाव कोसळला. मार्च २०१९ मध्ये इदाई चक्रीवादळाने बैरा शहर उद्ध्वस्त केले, तेव्हा मदतीला सर्वांत आधी पोचलेल्यांत सुजाता, शार्दूल आणि सारथी ही भारतीय जहाजे होती.

दुसरा तह

रोमच्या तहाने सैनिकांना पैसे दिले आणि रेनामोला संसदेत जागा. सत्तेतला वाटा मात्र दिला नाही. रेनामोला बहुमत मिळालेल्या प्रांतांतही गव्हर्नर मापुतोहून नेमला जाई. १९९९ च्या निवडणुकीत द्लाकामा यांना ४७ टक्क्यांहून अधिक मते मिळाली आणि निकालावरून वाद झाला. पुढच्या दोन निवडणुकांत फ्रेलिमोचा वरचष्मा वाढत गेला. द्लाकामा यांच्या संरक्षणासाठी म्हणून रेनामोने काही सशस्त्र माणसे तशीच ठेवली होती. मोकळे केलेले जुने सैनिक आता पन्नाशीला आले होते आणि दोन वर्षांच्या पैशांनंतर बहुतेकांना काहीच मिळालेले नव्हते. ऑक्टोबर २०१२ मध्ये, तहाला वीस वर्षे होत असताना, द्लाकामा गोरोंगोसाच्या डोंगरात परतले. २०१३ मध्ये चकमकी सुरू झाल्या.

या वेळी दीर्घ वाटाघाटी परदेशात झाल्या नाहीत. डिसेंबर २०१६ मध्ये युद्धविराम झाला, आणि राष्ट्राध्यक्ष फिलिपे न्युसी व द्लाकामा यांनी बरीचशी बोलणी थेट फोनवर केली. स्वित्झर्लंडचे राजदूत मिर्को मान्झोनी मध्यस्थीत होते. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांचे व्यक्तिगत दूत झाले. २०१८ च्या घटनादुरुस्तीने प्रांतांचे गव्हर्नर निवडणुकीतून ठरवण्याची वाट मोकळी झाली. द्लाकामा मे २०१८ मध्ये वारले. त्यांचे उत्तराधिकारी ओसुफो मोमादे यांनी १ ऑगस्ट २०१९ रोजी गोरोंगोसात युद्धसमाप्तीवर आणि ६ ऑगस्टला मापुतोत अंतिम तहावर सही केली.

पहिल्या तहातील उणीव दुसऱ्यात भरून काढलेली दिसते. रेनामोच्या ५,२२१ जणांनी शस्त्रे खाली ठेवली आणि जून २०२३ मध्ये शेवटचा तळ बंद झाला. या वेळी दोन वर्षांच्या पैशांऐवजी सरकारने २०२३ मध्ये त्यांच्यासाठी निवृत्तिवेतनाची तरतूद केली, आणि त्याचा भार परदेशी निधीऐवजी देशाच्या अर्थसंकल्पावर आला.

उत्तरेकडे मात्र वेगळे युद्ध पेटले आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये काबो देल्गादो प्रांतातील मोसिंबोआ द प्राया इथे इस्लामी बंडखोरांनी पोलीस ठाण्यांवर हल्ले केले. हा प्रांत नैसर्गिक वायूच्या साठ्यांनी श्रीमंत आणि शाळा, नोकऱ्या, रस्ते यांबाबत देशात मागे राहिलेला. मार्च २०२१ मध्ये पाल्मा शहरावर हल्ला झाल्यावर फ्रेंच कंपनीच्या नेतृत्वाखालील वायुप्रकल्पाचे काम थांबले. त्या प्रकल्पात भारतीय सरकारी तेल कंपन्यांचाही हिस्सा आहे. त्याच वर्षी रवांडाचे सैन्य आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागातील देशांची संयुक्त फौज मदतीला आली. संयुक्त फौज २०२४ मध्ये परतली, रवांडाचे सैन्य राहिले. त्यांनी शहरे परत मिळवली, पण बोलणी करायला समोर कोणी नाही आणि कोणत्या मागण्यांवर करायची हेही स्पष्ट नाही. १९९० मध्ये सांत एजिदियोच्या मठात बसायला दोन बाजू तरी होत्या.

४ ऑक्टोबर हा दिवस मोझांबिकमध्ये शांतता आणि समेटाचा राष्ट्रीय दिवस म्हणून पाळला जातो.